कर्नल अपडेट झाला की वाय-फाय गायब: दर वेळी उलटणाऱ्या दुखण्याचं मूळ

लक्षणं जवळपास सगळ्यांची सारखी असतात. उबुंटू किंवा लिनक्स मिंटने अपडेट सुचवले, तुम्ही ते लावले, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि पट्टीवरची वाय-फायची खूण नाहीशी. सेटिंग्ज उघडल्या तर अडॅप्टर सापडला नाही, एवढंच उत्तर. मग कुठून तरी तीन-चार कमांड मिळतात, त्या डोळे झाकून चिकटवल्या की वाय-फाय परत येतं. पुढचा कर्नल (लिनक्सचा हार्डवेअर चालवणारा गाभा) येईपर्यंत सगळं आलबेल, आणि मग पुन्हा तेच.

हे दुखणं कर्नल बदलल्यावरच उलटतंय, यातच अर्धं निदान झालं. कार्ड खराब नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, 'उडालेला'ही नाही. तो जुन्या कर्नलपाशी जिथल्या तिथे पडून आहे. नव्या कर्नलसाठी तो तयारच झाला नाही, किंवा तयार झाला पण कर्नलने त्याला आत घेतलं नाही. त्यामुळे 'ड्रायव्हर परत टाका' हा सल्ला आजच्यापुरता चालतो, उद्यासाठी नाही.

एक सूचना आधीच देतो. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांनी टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी नेट मिळवा

दुरुस्तीसाठी पॅकेज उतरवायचं आणि नेटच नाही, अशी ही गोची असते. लॅन केबल असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यासाठी लागणारं मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) कर्नलसोबतच येतं, त्यामुळे काही सेकंदांत 'वायर्ड कनेक्शन' दिसायला लागतं. फोन स्वतः घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, म्हणजे मोबाइल डेटा जळत नाही. फक्त चार्जिंगपुरतीच चालणारी स्वस्त केबल नको. तिच्यावर टेदरिंगचा पर्याय फोनमध्ये करडा राहतो आणि माणूस उगाच फोनला दोष देत बसतो.

दुसरा मार्ग जुन्या कर्नलमध्ये परत जाण्याचा. मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या, यूईएफआय नसलेल्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा) म्हणजे ग्रबचा (कोणता कर्नल सुरू करायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू येईल. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडून खालचा, म्हणजे आधीचा कर्नल घ्या. उबुंटू आणि डेबियन मागचा निदान एक कर्नल जपून ठेवतात, तो याचसाठी.

हीच निदानाचीही सगळ्यात मोठी पायरी आहे. जुन्या कर्नलवर वाय-फाय आलं तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. तिथेही नाही आलं तर कर्नलच्या मागे लागू नका. 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड देऊन पाहा; वाय-फाय कुठे बंद करून ठेवलंय का, ते ती सांगते. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा कडेचा स्विच पाहा, 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' पुरतं. विंडोजसोबत ड्युअल बूट असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज 'शटडाउन' म्हणतं, पण खरं तर अर्धवट झोपतं, आणि काही कार्डं त्या अवस्थेतून लिनक्सला नीट सुरू करता येत नाहीत.

ड्रायव्हर राहतो कुठे

विंडोजच्या सवयीने आपण समजतो की ड्रायव्हर म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून किंवा खोक्यातल्या सीडीवरून आणायची वस्तू. लिनक्समध्ये उलटं आहे. बहुतेक सगळे ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच असतात आणि कर्नलसोबतच मॉड्यूल म्हणून, म्हणजे '.केओ' फाइलींच्या रूपात, तुमच्या डिस्कवर येतात. जागा ठरलेली आहे:

/लिब/मॉड्यूल्स/

या फोल्डरमध्ये प्रत्येक कर्नलचं वेगळं उपफोल्डर असतं. चालू कर्नल कोणता, ते 'युनेम -आर' सांगतं. उत्तर साधारण ६.८.०-४५-जेनेरिक अशा थाटाचं येतं. यातला मधला ४५ महत्त्वाचा. सुरक्षेची छोटीशी दुरुस्ती आली तरी तो बदलतो, आणि तो बदलला की कर्नल नवा, फोल्डर नवं. तुम्हाला वाटतं किरकोळ अपडेट होता. मॉड्यूलच्या दृष्टीने मात्र घरच बदललेलं असतं.

मशीन सुरू होताना काय घडतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या कमांड पाठ करायची गरज उरत नाही. प्रत्येक पीसीआय किंवा यूएसबी उपकरण आपले दोन आकडे सांगतं: बनवणारा कोण आणि वस्तू कोणती. इंटेलचा आकडा ८०८६ (त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरवरून गंमत म्हणून घेतलेला), ब्रॉडकॉमचा १४ई४, रियलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटातही एक यादी असते की मी अमुक-अमुक आकड्यांची उपकरणं सांभाळतो. 'डेपमॉड' या सगळ्या याद्या गोळा करून 'मॉड्यूल्स.एलियास' नावाची एक फाइल बनवतो, तीही प्रत्येक कर्नलच्या फोल्डरमध्ये वेगळी. उपकरण दिसलं की यूडेव्ह (उपकरणांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) ती फाइल बघून योग्य मॉड्यूल चढवतो; हाताने चढवायची कमांड 'मॉडप्रोब'. कोणी काही इन्स्टॉल करत नाही. पेनड्राइव्ह लावताक्षणी चालतो तो याच वाटेने.

घोळ होतो तो कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरचा. मॉड्यूल हे एका ठरावीक कर्नलच्या मापाने शिवलेलं असतं. त्याच्या आत 'व्हरमॅजिक' नावाची खूण असते आणि ती जुळली नाही तर कर्नल त्याला घेत नाही. कर्नलच्या आतली फंक्शनंही स्थिर नसतात. कर्नलच्या प्रमुख विकसकांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी लिहिलेलं एक टिपण कर्नलच्या दस्तऐवजातच आहे. आम्ही आतला इंटरफेस कायमचा गोठवणार नाही, तुमचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आणा, मग बदल झाला की तुमची दुरुस्तीही आम्हीच करू, असा त्याचा मथितार्थ. नमुना बघायचा तर कर्नल ५.१७ मध्ये 'पीडीई_डेटा' हे मोठ्या अक्षरांतलं फंक्शन छोट्या अक्षरांत केलं गेलं. बदल एवढाच. कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरना काही झालं नाही, कारण ज्यांनी नाव बदललं त्यांनीच ते सगळीकडे बदललं. बाहेरचे कित्येक ड्रायव्हर मात्र त्या दिवसापासून कंपाइल (मूळ कोडमधून तयार) होईनात. तत्त्व मला पटतं. फक्त त्याची झळ कर्नल लिहिणाऱ्याला बसत नाही, स्वस्त लॅपटॉप घेतलेल्याला बसते.

तुमचं कार्ड कोणत्या गटातलं

एलएसपीसीआय -एनएनके

या एका कमांडने बरंच कळतं. 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'वायरलेस' लिहिलेली ओळ शोधा. शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतील, आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' व 'कर्नल मॉड्यूल्स' या ओळी असतील किंवा नसतील.

'ड्रायव्हर इन यूज' आहे आणि तरी वाय-फाय नाही, तर ड्रायव्हर चढलाय. अडचण फर्मवेअरची (कार्डाच्या आत भरायच्या प्रोग्रॅमची) किंवा आरएफकिलची. 'कर्नल मॉड्यूल्स' आहे पण 'इन यूज' नाही, तर मॉड्यूल डिस्कवर आहे पण चढलं नाही. यात सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय), ब्लॅकलिस्ट (बंदी घातलेल्या ड्रायव्हरची यादी) किंवा फर्मवेअर हे संशयित; तिन्ही पुढे येतात. दोन्ही ओळी नाहीत, तर या कर्नलसाठी मॉड्यूलच नाही. दर अपडेटला रडणारी मंडळी बहुधा या तिसऱ्या गटातली असतात.

त्यांच्यात मला सारखी दिसणारी दोन कार्डं. एक ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१४२, आकडे १४ई४:४३६५, २०१३ ते २०१५ च्या सुमाराच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये असलेलं. याला कर्नलमधला कोणताही ड्रायव्हर चालत नाही, ब्रॉडकॉमचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' लागतो. त्याची आवृत्ती ६.३०.२२३.२७१ वर थांबलेली आहे. नव्या कर्नलसाठी लागणारे टाके डिस्ट्रोवाले (उबुंटू, डेबियनसारखे लिनक्सचे तयार संच बनवणारे) आपापले घालतात. दुसरं रियलटेकचं आरटीएल८८२१सीई, १०ईसी:सी८२१. इथे मात्र परिस्थिती पालटली आहे. कर्नल ५.९ पासून 'आरटीडब्ल्यू८८' हा आतला ड्रायव्हर याला सांभाळतो. त्याआधीच्या ५.८ पासून ८७२३डीई आत आलं, आणि ६.२ पासून ८८५२बीई 'आरटीडब्ल्यू८९'मध्ये. तरीही २०२० सालच्या सूचना वाचून लोक आजही बाहेरचा ड्रायव्हर टाकतात आणि मग दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर भांडतात. तुमचा कर्नल या आकड्यांच्या पुढचा असेल तर बाहेरचा ड्रायव्हर काढून टाकणं हाच उपाय.

उबुंटूवर तिसऱ्या गटात पडण्याचं आणखी एक साधं कारण असतं. वाय-फायचे पुष्कळ ड्रायव्हर 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. कोणी कर्नल हाताने, एकेक पॅकेज उचलून टाकला आणि हे राहिलं, तर वाय-फायसोबत बऱ्याचदा आवाजही जातो. दोन्ही एकदम गेले असतील तर आधी हेच तपासा.

डीकेएमएस आणि हेडर्स: खरं मूळ बहुधा इथेच

बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप पुन्हा कंपाइल व्हावा म्हणून डीकेएमएस आहे. डेल कंपनीच्या लिनक्स अभियंत्यांनी ते २००३ मध्ये लिहिलं. ड्रायव्हरचा सोर्स '/यूएसआर/एसआरसी'मध्ये ठेवला जातो, नवा कर्नल आला की डीकेएमएस जागं होतं, त्याच्या मापाचं मॉड्यूल शिवतं आणि जागेवर ठेवतं. त्याला माप लागतं ते हेडर्सचं, म्हणजे त्याच कर्नलच्या आतली फंक्शनं कशी आहेत ते सांगणाऱ्या हेडर फाइलींचं. हेडर्स नसतील तर ते गप्प बसतं. तुम्हाला कळतं ते रीस्टार्टनंतर.

डीकेएमएस स्टेटस

उत्तरात ड्रायव्हरचं नाव, कर्नलचा आकडा आणि 'इन्स्टॉल्ड' असं हवं. फक्त जुन्या कर्नलचीच ओळ असेल किंवा नुसतं 'ॲडेड' असेल तर चोर सापडला. आता इथे बहुतेक ठिकाणी सांगितलेला उपाय असा:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(युनेम -आर)

याने वाय-फाय आज परत येतं. पण नीट बघा, यात तुम्ही मागितलेत फक्त चालू कर्नलचे हेडर्स. पुढचा कर्नल आला की त्याचे हेडर्स आणायला कोणी सांगितलेलंच नाही. दुखणं उलटतं ते इथून. हवं आहे ते आकड्याशिवायचं मेटा-पॅकेज, जे दर वेळी कर्नल आणि हेडर्स जोडीने ओढतं. उबुंटू २२.०४ वर दोन वाटा आहेत: मूळचा ५.१५ कर्नल असेल तर 'लिनक्स-जेनेरिक', आणि नव्या कर्नलांची एचडब्ल्यूई वाट असेल तर 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४'. युनेमने ५.१५ सोडून काही मोठं दाखवलं तर तुम्ही एचडब्ल्यूईवर आहात. मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४

वाट एचडब्ल्यूईची आणि हेडर्सचं पॅकेज मात्र साध्या जेनेरिकचं, अशी मिसळ झालेली मशीनं भरपूर आहेत. हेडर्स आहेत असं दिसतं, पण ते भलत्याच कर्नलचे. २४.०४ वर हीच गोष्ट. तिथे मूळचा कर्नल ६.८, आणि एचडब्ल्यूई पॅकेजच्या नावात २४.०४ येतं. डेबियनवर मेटा-पॅकेज 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४'.

हेडर्स आले, तरी मॉड्यूल बनलं नाही? मग लॉग वाचायचा. तो '/व्हार/लिब/डीकेएमएस/' खाली, ड्रायव्हरच्या नावाच्या आणि आवृत्तीच्या फोल्डरमध्ये, 'बिल्ड/मेक.लॉग' या फाइलीत असतो. शेवटून वर वाचत जा आणि पहिली एरर शोधा. तळाशी असलेल्या ओळी नुसता आक्रोश असतो. 'इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन' दिसलं तर कर्नलमधलं फंक्शन बदललंय आणि ड्रायव्हर जुना पडलाय. अशा वेळी ड्रायव्हरचं नवं पॅकेज आहे का बघा. नसेल तर ते येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहण्यावाचून फारसा इलाज नाही.

कधी चूक ड्रायव्हरची नसतेच. २०२४ च्या सुरुवातीला उबुंटू २२.०४ च्या एचडब्ल्यूई वाटेवर ६.५ कर्नल आला. तो जीसीसी-१२ ने बांधलेला होता आणि २२.०४ चा नेहमीचा कंपाइलर जीसीसी-११. लॉगमध्ये 'जीसीसी-१२: नॉट फाउंड' किंवा कंपाइलरला न कळणाऱ्या एखाद्या पर्यायाची तक्रार. लोकांनी ड्रायव्हर दहादा काढून घातले. उपाय होता 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२'. म्हणून लॉग वाचल्याशिवाय काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

कारण दूर झालं की बिल्ड हाताने करता येतं:

सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल
सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

दुसऱ्या ओळीत तुमच्या मॉड्यूलचं नाव. काहीही न बोलता कमांड परत आली तर काम झालं.

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'

मॉडप्रोबने हे वाक्य दिलं (जुन्या कर्नलवर 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल'), तर मॉड्यूल उत्तम बनलंय, अडवलंय ते सिक्युअर बूटने. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' सांगेल की ते चालू आहे का. चालू असताना उबुंटूसारखे कर्नल सहीशिवाय मॉड्यूल घेत नाहीत. कर्नलसोबत आलेल्या मॉड्यूलवर डिस्ट्रोची सही असते. तुमच्या मशीनवर बनलेल्यावर तुमच्याच मशीनची सही लागते, आणि ती सही ओळखीची आहे हे मशीनच्या फर्मवेअरच्या, म्हणजे बायोसच्या पातळीवर एकदा नोंदवावं लागतं.

ही नोंद करायची वेळ बहुतेकांच्या हातून निसटते. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारतात, माणूस काहीतरी देतो. रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, काही सेकंद थांबते, आणि घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबलं जातं. नोंद रद्द. पुन्हा करायची तर:

सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की

पासवर्ड साध्या छोट्या अक्षरांचा आणि अंकांचा ठेवा, कारण त्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरला जातो आणि चिन्हं भलतीकडे जातात. रीस्टार्ट केल्यावर 'एनरोल मोक' (मोक म्हणजे तुमच्या मशीनची सहीची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट', या क्रमाने जा. हा पासवर्ड पुन्हा कधी लागत नाही.

सिक्युअर बूट बायोसमधून बंद करणं हाही मार्ग आहे आणि तो पटकन होतो. घरच्या मशीनवर तो वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण बायोस अपडेट किंवा रीसेट केल्यावर ते पुन्हा चालू झालेलं आढळतं, आणि तुमच्या लेखी वाय-फाय 'विनाकारण' गेलेलं असतं. किल्ली नोंदवलेली बरी.

ड्रायव्हर चढला, कार्ड मुकं

पुष्कळ कार्डांना ड्रायव्हरशिवाय फर्मवेअरही लागतं. ते कार्डातल्या छोट्या प्रोसेसरसाठी असतं, '/लिब/फर्मवेअर'मध्ये राहतं, आणि ड्रायव्हर ते उचलून कार्डात भरतो. 'सुडो डीमेसेज'चं उत्तर चाळा. त्यात 'डायरेक्ट फर्मवेअर लोड' आणि शेवटी 'एरर -२' दिसलं तर फाइल जागेवर नाही. (कमांडचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी.) उबुंटूवर 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज अद्ययावत करा. डेबियनवर इंटेल कार्डाला 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रियलटेकला 'फर्मवेअर-रियलटेक'. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन हे मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येतं. त्याआधीची इन्स्टॉलेशनं अपग्रेड करत आलेल्यांनी 'सोर्सेस' फाइलीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग जोडलाय का ते बघावं.

जुन्या उपायांचा गाळ

कोणाच्या तरी रिपॉझिटरीतून सोर्स उतरवून 'मेक' आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' केलं असेल, तर उलटणारं दुखणं तुम्ही हाताने बसवलंय. ते मॉड्यूल फक्त त्या दिवशीच्या कर्नलच्या फोल्डरमध्ये गेलं. डीकेएमएसला त्याचा पत्ता नाही. सोर्सच्या फोल्डरमध्ये 'सुडो मेक अनइन्स्टॉल' चालत असेल तर चालवा, आणि डिस्ट्रोचं पॅकेज किंवा निदान डीकेएमएसची सोय असलेला ड्रायव्हर घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या '.रन' फाइलीबद्दलही माझं हेच मत. उबुंटूवर 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' दिलं की सही केलेली तयार मॉड्यूलं मिळतात, कंपाइलचा प्रश्नच बऱ्याचदा येत नाही. मिंटवर हेच काम 'ड्रायव्हर मॅनेजर' करतो.

दुसरा गाळ ब्लॅकलिस्टचा. डब्ल्यूएलचं पॅकेज बसताना 'बी४३', 'बीसीएमए', 'ब्रसीएमस्मॅक' वगैरे कर्नलमधल्या ड्रायव्हरना बंदी घालतं, दोघांची टक्कर होऊ नये म्हणून. मग डब्ल्यूएल बनलं नाही की पर्यायी ड्रायव्हरही बंद. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी/'मधल्या फाइली उघडून 'ब्लॅकलिस्ट'ने सुरू होणाऱ्या ओळी वाचा. आपण कधी काय घातलं हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. नको ती ओळ काढल्यावर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या आणि रीस्टार्ट करा.

फेडोरावर डीकेएमएसच्या जागी बहुधा 'एकेमॉड्स' असतं आणि डब्ल्यूएल आरपीएम फ्यूजनमधून (फेडोरासाठीच्या जास्तीच्या पॅकेजांच्या साठ्यातून) येतं. तिथे अपडेटनंतर लगेच रीस्टार्ट करू नका, मागे मॉड्यूल बनायला थोडा वेळ द्या. आर्चवर कर्नल अपडेट होताच चालू कर्नलची मॉड्यूलं डिस्कवरून जातात, म्हणून रीस्टार्ट होईपर्यंत नवं लावलेलं उपकरण चालत नाही. तो बिघाड नव्हे.

यूएसबी डोंगल घेण्याआधी

वैतागून लोक डोंगल घ्यायला निघतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, खोक्यावर चिपचं नाव क्वचितच असतं, आणि एकाच मॉडेलच्या पोटात वेगवेगळ्या चिप निघतात. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१, जी कर्नलच्या आतल्या ड्रायव्हरवर मुकाट चालते, दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. म्हणून मॉडेल नाही, आवृत्ती विचारा. काही डोंगल लावल्यावर वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, त्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. 'एलएसयूएसबी'मध्ये ०बीडीए:१ए२बी दिसलं तर हाच प्रकार. ती सीडी 'इजेक्ट' केली किंवा 'यूएसबी_मोडस्विच' बसवलं की खरं उपकरण पुढे येतं.

लॅपटॉप उघडायची तयारी असेल तर डोंगलपेक्षा आतलं कार्ड बदलणं मला जास्त पटतं. एम.२ खाच असलेल्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं एएक्स२१० बसतं. त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे. एएक्स२११ किंवा एएक्स२०१ नको, ती कार्डं ठरावीक इंटेल प्रोसेसरसोबतच चालतात. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस परकं कार्ड स्वीकारत नाही, हे मात्र आधी पाहून घ्या. कार्ड बदललं की डब्ल्यूएलचं पॅकेज 'पर्ज' करायला, म्हणजे मुळासकट काढायला, विसरू नका.

'एपीटी-मार्क होल्ड' लावून कर्नलच गोठवणं हा उपाय मी कोणाला सुचवत नाही. आठवडाभर ठीक, पण लोक होल्ड लावतात आणि विसरतात, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या वर्षभर येतच नाहीत. त्यापेक्षा अपडेट लागल्यावर, रीस्टार्टच्या आधी, दोन कमांड द्या:

एलएस /लिब/मॉड्यूल्स
डीकेएमएस स्टेटस

पहिलीत जो सगळ्यात मोठा आकडा दिसतो तो दुसरीत 'इन्स्टॉल्ड'सोबत दिसला पाहिजे. दिसला तर खुशाल रीस्टार्ट करा. नाही दिसला तर अजून जुनाच कर्नल चालू आहे आणि वाय-फायही आहे; हेडर्स आणा, मेक.लॉग वाचा, आणि मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के' लिहून पुढे त्या नव्या कर्नलचं पूर्ण नाव द्या.